मुंबईची खोली आणि गावचे घर

नोकरीचे अखेरचे वर्ष उजाडले, भविष्यनिर्वाह निधीचा आकडा कागदावर दिसू लागला आणि निरोपाच्या समारंभाची तारीख मुक्रर झाली, की जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतून मुंबईस गेलेल्या कुटुंबांत एक प्रश्न हटकून उपस्थित होतो. तो म्हणजे, पुढचे आयुष्य मुंबईच्या खोलीत काढावयाचे की गावच्या घरात. घरात या प्रश्नाची चर्चा बहुधा भावनेच्याच भाषेत होते. परंतु त्याच्या पोटात जमाखर्चाचा, जमिनीच्या दप्तराचा, हवापाण्याचा, दवाखान्याच्या अंतराचा आणि घरातील स्त्रीच्या श्रमाचा असे अनेक हिशेब दडलेले असतात, आणि ते वेळीच मांडले नाहीत तर साठीनंतर, जेव्हा घडी पुन्हा बसविण्याइतके बळ अंगात उरत नाही तेव्हा, एकदम पुढे येऊन उभे राहतात. म्हणून या प्रश्नाचा विचार सविस्तर व्हावा हे मला अगत्याचे वाटते.

उतारवयात हवा मानवेल आणि खर्च झेपेल अशा प्रांती जाऊन राहावे, ही कल्पना जगात नवी नाही. अमेरिकेच्या उत्तरेकडील हिमवर्षावाच्या राज्यांतून निवृत्त मंडळी फ्लोरिडा, अॅरिझोना अशा उबदार राज्यांत जाऊन स्थायिक होतात. अॅरिझोनात ‘सन सिटी’ नावाची, निवृत्तांसाठीच आखलेली वसाहत १ जानेवारी १९६० रोजी खुली झाली, आणि फ्लोरिडात राज्याचा स्वतंत्र प्राप्तिकर नाही ही गोष्टही तिकडे जाणारे लोक आपल्या हिशेबात धरतात. आपल्याकडे सरकारी नोकरीतून मोकळे झालेले अधिकारी कोरड्या, समशीतोष्ण हवेसाठी पुण्यास येऊन बंगले बांधीत, आणि त्यामुळे पुण्यास पेन्शनरांचे गाव अशी ख्याती मिळाली. जुन्नर-आंबेगावच्या मुंबईकराची गोष्ट मात्र या दोहोंपेक्षा निराळी आहे. जेथे त्याला अजूनही वडिलांच्या नावाने ओळखतात, जेथे सातबाऱ्यावर त्याचे नाव भावांच्या नावांच्या ओळीत आहे, आणि जेथील जत्रेची वर्गणी तो सारी नोकरी होईतो न चुकता देत आला आहे, अशा ठिकाणी तो परततो. त्यामुळे त्याचा खर्च निराळा आणि त्याच्या अडचणीही निराळ्या.

या टापूतील माणसे मुंबईस गेली ती गरजेपोटी. सह्याद्रीच्या माथ्यावरून उतरणाऱ्या घोड, मीना, कुकडी, पुष्पावती या नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहत, परंतु धरणे होण्यापूर्वी त्यांचे पाणी उन्हाळ्यात शेतापर्यंत पोहोचत नसे. पावसाच्या एका पिकावर चार भावांचा संसार चालणे अशक्य, म्हणून एखाद-दुसरा भाऊ घाट उतरून मुंबईची वाट धरी. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेल्या डबे पोहोचविण्याच्या धंद्यात खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर याच पट्ट्यातील माणसे शिरली. कोणी भायखळ्याच्या आणि पुढे वाशीच्या भाजीबाजारात गाळ्यावर उभे राहिले, कोणी माथाडी म्हणून पाठीवर ओझी वाहिली, आणि कित्येक गिरणीत लागले. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे बाबू गेनू हे असेच मुंबईच्या गिरणीत कामास गेलेले. १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापड वाहणाऱ्या मोटारीपुढे आडवे होऊन त्यांनी देह ठेवला, आणि आज डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचे नाव आहे. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला आणि ओझी वाहणाऱ्या माणसालाही भविष्यनिर्वाह निधी व उपदान मिळू लागले, ही त्या पिढीच्या म्हातारपणाच्या दृष्टीने फार मोठी घटना होती. गिरणी कामगारांचे नशीब तसे नव्हते. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि ज्यांनी निवृत्तीचा विचारही केला नव्हता अशी ऐन उमेदीतील माणसे बिऱ्हाड गुंडाळून आपापल्या गावी परतली. पूर्वतयारीवाचून गावी परतणे म्हणजे काय, हे त्या घरांतील मुलांनी जवळून पाहिलेले आहे.

मुंबईतील या मंडळींनी गावाशी धागा तुटू दिला नाही, याचे पुष्कळसे श्रेय गावोगावच्या मुंबईस्थित ग्रामस्थ मंडळांना द्यावयास हवे. मंदिराचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, सप्ताहाची पंगत, कोणी परगावी वारले तर मृतदेह गावी नेण्याची व्यवस्था, अशी नाना कामे ही मंडळे करीत आली. चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या म्हणजे डबेवाले रजा घेऊन गावी येतात, हे सर्वांना ठाऊकच आहे. अशा रीतीने ज्याचे जाणेयेणे चालू राहिले त्याचे परतणे सुकर होते. ज्याने गाव सोडून पाठ फिरविली आणि साठाव्या वर्षी एकाएकी तेथील शांततेची ओढ घेतली, त्याला गाव परके वाटते, आणि त्यात दोष गावाचा नसतो.

आता पैशाचा हिशेब. सरकारी, महानगरपालिकेच्या किंवा तत्सम नोकरीतून जुन्या नियमांप्रमाणे पूर्ण निवृत्तिवेतन घेऊन येणाऱ्याची चिंता येथे करण्याचे कारण नाही; गावात त्याचे भागतेच. प्रश्न आहे तो खासगी कंपनीत, कारखान्यात किंवा पेढीवर जन्म काढलेल्या माणसाचा. त्याला १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून जे मिळते त्याचे गणित असे की, निवृत्तिवेतनास पात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणावे आणि सत्तरने भागावे. या पगाराची मर्यादा २०१४ पासून १५,००० रुपये आहे, आणि त्याआधी ती याहून बरीच कमी होती. तेव्हा ज्याने वाढीव पगारावर वर्गणी भरलेली नाही त्याची पस्तीस वर्षांची सेवा धरली तरी महिन्याचे निवृत्तिवेतन साडेसात हजारांच्या आसपास थांबते, आणि प्रत्यक्षात बहुतेकांच्या हाती त्याहून कमीच पडते. योजनेचे किमान निवृत्तिवेतन तर एक हजार रुपयेच आहे. निधी आणि उपदान यांची मिळून जी एकरकमी पुंजी येते, तिच्यातील दहा लाख रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर २०२३ पासून लागू असलेल्या ८.२ टक्के दराने वर्षाचे ८२,००० रुपये, म्हणजे महिन्याला पावणेसात हजारांच्या वर थोडे व्याज होते. दोन्ही मिळून बारा-तेरा हजार रुपये. मुंबईत एवढ्यात नवरा-बायकोचे भागत नाही, मुलाच्या मिळकतीवर विसंबावे लागते. गावात स्वतःचे घर असेल, ज्वारी-बाजरी वाट्याने दिलेल्या शेतातून येत असेल आणि प्रकृती धड असेल, तर हीच रक्कम पुरते. गावी परतण्याच्या बाजूने जे बोलले जाते त्याचा पाया हा एवढाच आहे, आणि तो खोटा नाही.

परंतु या जमाखर्चाच्या खर्चाच्या बाजूस काही रकमा लिहावयाच्या राहून जातात. गावात घरभाडे नाही, घरपट्टी थोडी, जाण्यायेण्याचा रोजचा खर्च नाही, हे खरे. भाजीपाला फुकट मिळतो हा मात्र जुन्या काळचा समज होय. नारायणगावचा टोमॅटो, मंचर-ओतूरचा कांदा, सातगाव पठाराचा बटाटा हा आता बाजारपेठेचा माल झाला आहे, आणि ज्या भावाने औषधफवारणीला हजारो रुपये घातले त्याच्या शेतातून टोपली भरून आणताना संकोच वाटलाच पाहिजे. शिवाय गाव देण्याघेण्यावर चालते. लग्नसराईत एकेका दिवशी दोन-दोन मांडव, प्रत्येक ठिकाणी आहेर. भावकीत कोणी गेले की दहावा, तेरावा. जत्रेची, सप्ताहाची, देवळाच्या कळसाची वर्गणी, आणि ‘मुंबईकर’ म्हणून ती इतरांपेक्षा सवाई अपेक्षिलेली. यातले काही टाळता येत नाही, आणि माझ्या मते टाळूही नये, कारण ज्या माणुसकीसाठी आपण परतलो तिचेच हे रूप आहे. परंतु महिन्याच्या अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र रक्कम धरलेली असावी. सर्वांत मोठा धोका घराच्या बांधकामाचा. निधीची रक्कम हाती येताच भावाच्या जुन्या कौलारू घराशेजारी दुमजली स्लॅबचे घर उभे करावे, वास्तुशांतीला सारा गाव जेवू घालावा, आणि नंतर व्याजाला ठेवण्यासारखे काही उरू नये, असे अनेक ठिकाणी घडते. हाती आलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा घरात जावा, त्याहून अधिक जाऊ नये, असे मला ठाम वाटते.

घर बांधावयाचे ते कोणत्या जमिनीवर, हा प्रश्न त्याहूनही नाजूक आहे, आणि येथे जरा थांबून पाहिले पाहिजे. मुंबईस गेलेला भाऊ आणि गावी राहिलेला भाऊ यांचा संसार पुष्कळ वर्षे एकत्र मानला जातो. मुंबईकराने पगारातून मनिऑर्डरी केल्या, बहिणींची लग्ने केली, बैल घेताना पैसे धाडले. गावकऱ्याने आईबापांचे दुखणे काढले, विहीर खणली, आणि कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणे होऊन कालव्यांना पाणी आल्यावर नदीवरून किंवा विहिरीवरून पाइपलाइन आणली, सोसायटीचे कर्ज फेडले, माळरानाचे बागाईत केले. कोणी द्राक्षबाग उभी केली, कोणी ऊस लावून विघ्नहर किंवा भीमाशंकर साखर कारखान्याला घातला. तिकडे निवृत्त होऊन आलेला भाऊ आपला कायदेशीर हिस्सा मागतो, तेव्हा सातबाऱ्यावर दोघांची नावे सारखी असतात; परंतु जमिनीची आजची किंमत ज्याच्या घामाने वाढली त्याच्या मनात ही मागणी सलते, आणि ज्याने उमेदीच्या वर्षांत पैसे पाठविले त्याच्या मनात ‘आपण परके झालो’ हे शल्य राहते. या तंट्यात दोघांचीही बाजू खरी असते, आणि म्हणूनच तो दिवाणी कोर्टात सुटत नाही. निकाल लागतो, पण बोलणे बंद होते.

यावर उपाय एकच, की वाटणीची गोष्ट निवृत्तीच्या आधी दहा वर्षे, आईवडील हयात असताना, चार वडीलधाऱ्यांसमक्ष मिटवावी आणि तिची नोंद दप्तरी घालावी. सातबारा, आठ-अ, वारसनोंदीचे फेरफार, गावठाणातील घराचा ग्रामपंचायतीकडील नमुना आठचा उतारा हे कागद मुंबईत पेटीत ठेवून भागत नाही. त्यांवरील नावे आजही तीच आहेत काय, आजोबांच्या नावावर राहिलेला एखादा गट आहे काय, वाटेची वहिवाट कोणत्या बांधावरून आहे, हे तलाठ्याच्या सजात बसून पाहावे लागते. बहिणींचे हक्क विसरू नयेत. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि सबंध देशात २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, आणि हक्कसोडपत्रावर सही करणे हे बहिणीचे कर्तव्य असल्यासारखे जे वागले जाते ते मला मुळीच न्याय्य वाटत नाही. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यामुळे शेतातील दोन गुंठे स्वतंत्र काढून त्यावर घर बांधण्याची कल्पनाही वाटते तितकी सोपी नाही. गावठाणातील जुन्या घराचा वाटा मिळत असेल तर तो घ्यावा. भिंती जुन्या असल्या तरी शेजार, वीज, पाणी आणि रस्ता तेथे आधीच असतात.

हवेच्या दृष्टीने हा प्रदेश निवृत्तांना अनुकूल आहे अशी जुनी ख्याती आहे. जुन्नरजवळ हिवरे येथे एकोणिसाव्या शतकात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली औषधी वनस्पतींचा सरकारी बाग होता, तो येथील हवापाण्यामुळेच. परंतु जुन्नर-आंबेगाव हा एक प्रदेश आहे असे समजून चालत नाही. पश्चिमेस नाणेघाट, माळशेज, भीमाशंकर या बाजूंची खोरी, जेथे महादेव कोळी समाजाची गावे आहेत, भाताची खाचरे आहेत आणि हिरड्याची झाडे आहेत, तेथे चार महिने पाऊस थांबत नाही, भिंतींना ओल येते, वीज जाते, दरड आली की रस्ता बंद होतो. मधल्या पट्ट्यात पुणे-नाशिक महामार्गालगत मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही बाजारपेठेची गावे, कालव्याचे पाणी, दवाखाने, बँका. आणि पूर्वेस आणे पठारासारखा भाग, जेथे रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला हजारो माणसे आमटी-भाकरीचा प्रसाद घेतात आणि त्याच भागात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरकडे डोळे लावून बसावे लागते. पन्नास-साठ किलोमीटरांच्या पल्ल्यात हवेचे इतके प्रकार. मुंबईच्या दमट हवेत सांधे आणि श्वास यांचा त्रास होणाऱ्याला मधल्या पट्ट्याची कोरडी हवा बरी वाटते. पण पौषात पहाटेचा पारा दहा अंशांखाली उतरतो असे दिवस येतात, आणि ज्याने सारा जन्म स्वेटरशिवाय काढला त्या म्हाताऱ्या शरीराला ती थंडी बाधते.

पश्चिमेकडे घर बांधणाऱ्याने ३० जुलै २०१४ ची सकाळ विसरू नये. त्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली गेली. वाचलेल्यांसाठी पुढे आमडे येथे नवे गाव वसविण्यात आले. डोंगरउताराची कड कापून, पाण्याची वाट अडवून, देखाव्यासाठी घर बांधणे हे तेथे जिवाशी खेळणे होय. आणि काहींना तर परतण्यासाठी गावच उरलेले नाही: ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि तालुक्याची कचेरी घोडेगावास आहे. धरणांमुळे खालच्या गावांत जी समृद्धी आली तिची किंमत वरच्या खोऱ्यांतील लोकांनी मोजली, हे खाली कालव्याकाठी निवांत राहावयास येणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

धरणांमागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या. जुन्नर वनविभागातील जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चारही तालुक्यांत बिबट्याने उसाच्या फडालाच रान मानले आहे; तेथेच तो वितो, तेथेच पिले वाढवितो. माणिकडोह येथे पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, पिंजरे लागतात, तरी माणसे दगावण्याच्या घटना थांबलेल्या नाहीत. निवृत्ताच्या दृष्टीने याचा अर्थ फार रोजचा आहे. तिन्हीसांजेनंतर एकट्याने शेताच्या वाटेने फिरावयाचे नाही; वस्तीवर एकटे घर बांधावयाचे नाही; आणि जुन्या पद्धतीप्रमाणे संडास परसात, घरापासून वीस पावलांवर ठेवावयाचा नाही. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला तो निजण्याच्या खोलीला लागूनच हवा, त्याची फरशी खरखरीत हवी, बैठक उंच हवी आणि भिंतीला धरावयास दांडी हवी. घर बांधणारा मिस्त्री हे आपण होऊन करीत नाही. त्याला सांगून करवून घ्यावे लागते, आणि ओट्याच्या पायऱ्यांची उंची आपल्या गुडघ्यांकडे पाहून ठरवावी लागते.

दवाखान्याचा विचार यापुढचा. मुंबईच्या इंग्रज वखारीतील वैद्य डॉ. जॉन फ्रायर यांना १६७५ साली जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याने आपल्या घरच्यांच्या उपचारासाठी बोलाविले, आणि ते कल्याण-मुरबाडमार्गे घाट चढून आले. आज वाट उलटी आहे, दुखणे वाढले की रोगीच घाट उतरतो किंवा पुणे गाठतो. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे, जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव येथे ग्रामीण रुग्णालये आहेत, खासगी इस्पितळेही मधल्या पट्ट्यात पुष्कळ झाली आहेत. डोळ्यांसाठी तर डॉ. मनोहर डोळे यांनी नारायणगावात उभे केलेले मोहन ठुसे नेत्र रुग्णालय साऱ्या टापूला आधार देत आले आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचे संरक्षण आहे. ते कार्ड काढून ठेवण्यात हयगय करू नये. तरीही हृदयाचा झटका किंवा पक्षाघात यांत घटका मोजावयाच्या असतात, आणि मंचर पुण्यापासून साठेक, नारायणगाव पंचाहत्तर किलोमीटर आहे, पश्चिमेकडील खोऱ्यांना तर आधी तेवढे खालीच यावे लागते. ज्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागते, त्याने महामार्गापासून दूरच्या गावी कायमचे राहू नये, हे मी कोणतीही भीड न धरता सांगेन.

हे सर्व हिशेब पुरुष करतो. ज्या व्यक्तीवर या निर्णयाचा भार सर्वांत अधिक पडणार, तिला मात्र बहुधा शेवटी विचारले जाते, किंवा विचारलेच जात नाही. पुरुष गावी परततो तो आपल्या बालपणाकडे. त्याचे सवंगडी पारावर असतात, काकडा, भजन, कीर्तन, बैलगाड्यांचा घाट, पौष पौर्णिमेची थापलिंगची यात्रा हे सारे त्याच्या रक्तात असते. त्याची पत्नी मात्र त्या गावी कधी लहानाची मोठी झालेली नसते. ती तेथे सून म्हणून आली, दोन-चार वर्षे सासूच्या हाताखाली राबली, आणि मग मुंबईस जाऊन दहा बाय बाराच्या खोलीत का होईना, आपल्या मनाप्रमाणे संसार मांडला. नळ घरात आला, गिरणी खाली, दवाखाना कोपऱ्यावर, शेजारणी जिवाभावाच्या. कोणी खानावळ चालविली, कोणी पोळीभाजी केंद्र, आणि हातात स्वतःचे चार पैसे खेळले. अशा स्त्रीला साठाव्या वर्षी पुन्हा डोक्यावर पदर घेऊन भावकीच्या नजरेत वावरावयास लावणे, हा तिच्या बाजूने पाहता केवढा मोठा बदल आहे.

आणि गावातील स्वस्ताई बऱ्याच अंशी तिच्या श्रमावर उभी असते. नळाला पाणी येईल त्या वेळी भांडी, पिंपे भरून ठेवणे, धान्य वाळविणे, निवडणे, आल्यागेल्याचा चहा, जत्रेला मुंबईहून येणाऱ्या वीस माणसांचा स्वयंपाक. एका मासवडीचेच पाहा. बेसनाचे पीठ कढईत सतत ढवळून घट्ट शिजवावे, ओल्या फडक्यावर गरम असतानाच पातळ थापावे, भाजलेल्या तीळ-खोबऱ्याचे, कांदा-लसणाचे सारण पसरावे, फडके उचलून गुंडाळी करावी, दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबून तिला माशाचा आकार द्यावा, वड्या कापाव्यात, आणि शेजारच्या चुलीवर झणझणीत रश्श्याला तरी येऊ द्यावी. पाहुण्यांची पंगत उठेपर्यंत करणारीचे हात भाजलेले आणि कंबर धरलेली असते. पाहुणे तृप्त होऊन जातात आणि गावच्या जेवणाची तारीफ मुंबईत सांगतात. त्या घरात निवृत्ती एकट्या पुरुषाची झालेली असते. म्हणून जेथे निवृत्तीनंतर गावी राहावयाचे ठरले आहे तेथे कामाला बाई लावण्याचा खर्च घराच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत धरावा, घराच्या उताऱ्यावर तिचे नाव असावे, निवृत्तिवेतनाखेरीज तिच्या एकटीच्या खात्यावर काही ठेव असावी. पती आधी जातो असेच बहुधा घडते, आणि मग त्या दुमजली घरात भावकीच्या सौजन्यावर अवलंबून तिने किती वर्षे काढावयाची, याचा विचार त्याच्या हयातीत व्हावयास हवा.

तिचे म्हणणे मी अनेक घरांत ऐकले आहे आणि ते बहुतेक सारखेच असते: गाव नको असे नाही, पण मुंबईची खोली मोडू नका. नातवंडांना पाहावयास जाता यावे, आजारपणात टेकावयास जागा असावी, जुन्या शेजारणीकडे आठ दिवस राहता यावे. या मागणीत मला व्यवहाराचे शहाणपण दिसते. चैत्राची जत्रा ते मृग, आणि दसरा ते संक्रांत गावी, पावसाळ्याचे चार महिने व संक्रांतीनंतरचे दिवस मुंबईस, असा क्रम कित्येक जोडप्यांनी आपोआपच धरला आहे, आणि प्रवासाच्या खर्चाची अडचणही आता पूर्वीसारखी उरलेली नाही. एसटीत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना तिकीट नाही, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना कोणत्याही वयात अर्धे. हयातीचा दाखला बोटाच्या ठशावर गावातूनच देता येतो, आणि २०२५ पासून भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचे निवृत्तिवेतन देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते. बँकेच्या दारात उभे राहण्यासाठी मुंबईस धाव घेण्याचे दिवस गेले.

खोली विकून गावी बंगला बांधण्याचा सल्ला देणारे भोवती पुष्कळ असतात. त्यांत दलाल असतात, आणि कधी आपली मुलेही असतात. त्यांचे ऐकण्याची घाई न करता खोली आधी भाड्याने द्यावी, बांधकामाला हात घालण्याआधी जुन्या घराची दोन खोल्यांपुरती डागडुजी करून तेथे एक सबंध पावसाळा आणि एक सबंध उन्हाळा काढावा, विहिरीचे पाणी वैशाखात किती खाली जाते, रात्री-अपरात्री हाक मारली तर कोण धावून येते, डॉक्टर किती वाजेपर्यंत असतो, हे दोघांनी आपल्या डोळ्यांनी पाहावे. त्यानंतरही दोघांचे मत गावाकडेच झुकत असेल तर खोलीचा व्यवहार करावा, आणि खरेदीखतावर सही करण्यापूर्वी आलेल्या रकमेचे किती तिच्या नावावर राहणार ते आकड्यात लिहून घ्यावे.